हॉकी विश्वचषक 2026: एकटीनं नेदरलँड्स-बेल्जियम. व्हिसा, मुक्काम, रेल्वे यांबद्दल माहिती हवी

फोंडेकरीण

नमस्कार. ऑगस्टमधल्या विश्वचषकाला एकटी जायचं पक्कं केलं आहे. स्पर्धा 15 ते 30 ऑगस्ट, पुरुष आणि महिला दोन्ही, आणि मैदानं दोन देशांत: नेदरलँड्समध्ये आम्स्टलवेन, बेल्जियममध्ये वाव्र. भारताच्या पुरुष संघाचा एकही सामना चुकवायचा नाही, एवढी एकच अट. 14 ते 31 ऑगस्ट अशी 18 दिवसांची रजा मंजूर आहे. चवथ (गणेश चतुर्थी) यंदा 14 सप्टेंबरला, त्यामुळे घरचं काही अडत नाही. पासपोर्टवर आजवर फक्त दुबईचा शिक्का आहे.

अडलंय ते असं. व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा? एकाच जागी राहून दोन्ही मैदानं करता येतील का? आणि गटातले सामने संपल्यावर संघ कुठे खेळणार ते निकालांवर ठरणार, मग हॉटेल आणि परतीचं विमान आताच कसं काढायचं? टूरची पॅकेजं पाहिली. त्यांत सामने मोजके आणि स्थळदर्शन सक्तीचं, म्हणून ती नकोत.

बारीकसारीक वाटेल तेही सांगा. एकटीनं जाताना अडचण तिथेच येते.

पेडे_टर्फ

ताई, आधी व्हिसा. बाकी सगळं त्याच्या कागदांत बसवावं लागतं.

शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम असा की ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या निघाल्या तर जिथून आत शिरणार तो देश. या स्पर्धेत नेमकी इथेच चूक होणार आहे. विमान आम्स्टरडॅमचं, हॉटेलच्या जास्त रात्री ब्रसेल्सकडे, आणि अर्ज मात्र डच वकिलातीकडे, असं झालं की अर्ज चुकीच्या देशाकडे म्हणून परत येतो. तुमच्या 14 ते 31 मध्ये 17 रात्री बसतात. भारताचे गटातले सामने ज्या देशात, तिथे 10 आणि दुसरीकडे 7 अशी ठळक वाटणी दाखवा. नऊ-आठ असं काठावरचं गणित ठेवू नका. व्हिसा लागल्यानंतर संघ दुसऱ्या मैदानावर गेला आणि तुम्ही तीन-चार रात्री तिकडे हलवल्या, तर त्यात गैर काही नाही. मूळचा आराखडा खरा असला म्हणजे झालं. सामन्यांची तिकिटं मात्र हाताशी ठेवा, सीमेवर कुणी विचारलं तर कारण तिथेच दिसतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस, जादा कागद मागवले तर 45 पर्यंत. पण खरा अडसर निर्णयाचा नसतो, अपॉइंटमेंटचा असतो. जून-जुलैत युरोपला जाणाऱ्यांची झुंबड असते आणि तारखाच मिळत नाहीत. कुठल्या देशाचे अर्ज पणजीत घेतात आणि कुठल्यासाठी मुंबई गाठावी लागते हे बदलत असतं, म्हणून तारीख घेताना व्हिसा अर्ज केंद्राच्या संकेतस्थळावर शहराचं नाव नीट पाहून घ्या. फी 90 युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, पोचण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंतचा. एक दिवस कमी पडला तरी कागद परत येतात, म्हणून दोन्ही टोकांना एकेक दिवस जास्त घ्या. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा हवा.

एकट्या प्रवाशाचं अर्जासोबतचं पत्र महत्त्वाचं ठरतं. एकच पान लिहा आणि त्यात तक्ता घाला: तारीख, शहर, सामना, मुक्काम. अधिकाऱ्याला सतरा रात्रींचा हिशेब एका नजरेत दिसला पाहिजे. रजेच्या दाखल्यावर कामावर परत रुजू होण्याची तारीख लिहून घ्या. नुसतं "रजा मंजूर" पुरत नाही. बँकेच्या खात्यात अर्जाच्या तोंडावर मोठी रक्कम भरू नका. ठेव मोडून भरलीच असेल तर मोडल्याची पावती जोडा.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे आडनावं. जुन्या पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर, नवं पासपोर्टवर आणि तिसरंच बँकेत, हे गोव्यात घरोघरी आहे. तिकीट, विमा, अर्ज, सगळं पासपोर्टप्रमाणे अक्षर-अक्षर जुळवा. बँकेतलं नाव वेगळं असेल तर आताच दुरुस्त करून घ्या, त्याला वेळ लागतो.

आता दुसऱ्या आठवड्याबद्दल. गटाचे सामने संपेपर्यंतचं सगळं पक्कं करा, पुढचं सैल ठेवा. सैल म्हणजे बुकिंग नाही असं नव्हे. बुकिंग करायचं, पण रद्द करता येईल असं. "मोफत रद्द" या शब्दांवर थांबू नका, रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ वाचा. ती वेळ तिथल्या घड्याळाची असते आणि ऑगस्टमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. परतीचं विमान 31 ऑगस्टचंच काढा. संघ उपांत्य फेरीआधी बाहेर पडला तरी क्रमवारीचे सामने होतात, आणि तेही आपल्याच संघाचे असतात.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आम्स्टलवेनचं वॅगनर स्टेडियम म्हणजे 1973 च्या विश्वचषक अंतिम सामन्याची जागा. भारत 2-0 पुढे होता, डचांनी 2-2 केलं आणि पेनल्टी स्ट्रोकवर आपण हरलो. दोन वर्षांनी क्वालालंपूरला आपण जिंकलो ते या पराभवानंतर. भारताचे सगळे सामने वाव्रला पडले तरी एक दिवस तिथे जाऊन याच.

रुळावरून

मुक्काम आणि प्रवासाचं मी सांगतो, कारण दोन मैदानांमध्ये सगळी भिस्त रेल्वेवर आहे.

एका जागी राहून दोन्ही मैदानं रोज करणं शक्य आहे, पण करू नका. आम्स्टरडॅमच्या झाउद स्टेशनापासून ब्रसेल्सला युरोसिटी डायरेक्ट गाडी साधारण दोन तास घेते. ब्रसेल्सला गाडी बदलून पुढे ओतीनीला उतरायचं, तिथे परत गाडी बदलून वाव्र. लेव्हन ते ओतीनी या छोट्या मार्गावर वाव्र आहे. दोन बदल धरून एका बाजूला साडेतीन तास हाताशी ठेवावे लागतात. संध्याकाळचा सामना बरोबरीनंतरच्या शूटआउटपर्यंत गेला तर परतीची साखळी तुटते. म्हणून दोन मुक्काम घ्या.

नावांचा घोळ आधी समजून घ्या. बेल्जियममध्ये एकाच स्टेशनाला डच आणि फ्रेंच अशी दोन नावं असतात आणि गाडी ज्या भागातून जाते त्या भाषेत फलक बदलतो. ब्रसेल्सचं मुख्य आंतरराष्ट्रीय स्टेशन डचमध्ये झाउद, फ्रेंचमध्ये मिदी. आम्स्टरडॅमलाही झाउद नावाचं स्टेशन आहेच. अँटवर्पचं फ्रेंच नाव आंव्हेर. सगळ्यात मोठा सापळा म्हणजे लेव्हन. त्याला फ्रेंचमध्ये लूव्हँ म्हणतात, आणि वाव्रच्या जवळ लूव्हँ-ला-नव्ह नावाचं वेगळंच गाव आहे. ॲपमध्ये अर्धवट नाव टाकून पहिला पर्याय निवडला की माणूस भलतीकडे पोचतो. सामन्याच्या दिवसाचा प्रवास दोन्ही भाषांतल्या नावांसह कागदावर लिहून ठेवा.

वाव्रसाठी राहायला वाव्रच हवं असं नाही, ओतीनी-लूव्हँ-ला-नव्ह किंवा लेव्हन सोयीचं. दोन्हीकडे विद्यापीठं आहेत, त्यामुळे ऑगस्टच्या सुट्टीत खोल्या मोकळ्या असण्याचा संभव जास्त. ब्रसेल्सला राहिलात तर रात्रीची शेवटची गाडी कितीची ते तिकीट काढण्याआधी पाहा. रात्री दहानंतर या छोट्या मार्गावर गाड्या विरळ होतात. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि स्पर्धेचा पहिलाच दिवस शनिवार, 15 ऑगस्ट आहे. आपल्याकडे त्या दिवशी सायबिणीचं (मदर मेरीचं) फेस्त असतं, तसा बेल्जियममध्येही तो सुट्टीचा दिवस. दुकानं बंद मिळतील, खाणं आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

आम्स्टलवेनकडे: स्खिपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे आहे. तिथून झाउद दहा मिनिटांच्या आत. झाउदहून 5 नंबरची ट्रॅम आम्स्टलवेनच्या स्टाट्सहार्टला जाते. वॅगनर स्टेडियम तिथल्या मोठ्या वनउद्यानाच्या कडेला आहे, पुढे चालत अर्धा तास धरा किंवा सायकल भाड्यानं घ्या. मुक्काम खुद्द आम्स्टरडॅममध्ये महाग पडतो. शहर खोलीच्या दरावर 12.5 टक्के पर्यटक कर घेतं, आणि 1 जानेवारी 2026 पासून नेदरलँड्सभर खोलीवरचा व्हॅट 9 वरून 21 टक्के झाला आहे. बुकिंगच्या पानावरचा पहिला आकडा करासह आहे की नाही ते तपासा. हार्लेम, लायडेन, उट्रेख्ट ही तिन्ही गावं रेल्वेनं जवळ आहेत.

तिकिटांचं. नेदरलँड्समध्ये ट्रॅम, बस, गाडी, सगळीकडे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून चढता-उतरता येतं. तीन चुका होतात. उतरताना टेकवायचं राहिलं तर ठोक रक्कम कापली जाते. चढताना कार्ड आणि उतरताना मोबाइल टेकवला तर यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात, खातं एकच असलं तरी. आणि एका रेल्वे कंपनीच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत बदलताना मध्ये फलाटावर टेकवून बाहेर, परत टेकवून आत, असं करावं लागतं. बेल्जियमच्या रेल्वेत ही सोय धरून चालू नका. तिथे तिकीट आधी काढायचं, गाडीत काढलं तर वरचे पैसे द्यावे लागतात.

फोंडेकरीण

दोघांचे आभार. रात्रींचा तक्ता आजच मांडते. आणखी दोन शंका. गोव्याहून विमान कसं जोडायचं? आणि पैसे किती रोख, किती कार्डावर? बँकेतल्या माणसानं फॉरेक्स कार्ड घ्या म्हटलं, एवढंच.

कुंकळ्ळीकर

विमान: मुंबईमार्गे सोपं. आम्स्टरडॅमला थेट जाणारी विमानं तिथून आहेत. पण गोवा-मुंबई आणि मुंबई-आम्स्टरडॅम एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली की मुंबईला सामान उचलायचं, टर्मिनल 1 ला उतरला असाल तर रस्त्यानं टर्मिनल 2 ला जायचं, परत चेक-इन करायचं. ऑगस्टच्या पावसात गोवा-मुंबई विमान दोन तास उशिरा आलं तर पुढचं विमान तुमची वाट पाहणार नाही आणि पैसेही बुडतील. वेगळंच काढायचं असेल तर आदल्या दिवशी मुंबई गाठा. शोधताना नुसतं "गोवा" टाकलं की दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ येतात. जाणं एकीकडून आणि येणं दुसरीकडे असं नकळत होतं. फोंड्याहून मोपा बरंच लांब, रात्री उतरलात तर टॅक्सीचा खर्च त्या स्वस्त तिकिटापेक्षा जास्त होईल.

पैसे: तीन ठिकाणी विभागून न्या. फॉरेक्स कार्ड युरोत भरलेलं, दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड, आणि दोनशे-तीनशे युरो रोख, तेही लहान नोटांत. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. हे मुंबईला विमानात बसण्याआधी करा. रुपे कार्डावर विसंबू नका. यंत्रानं "रुपयांत आकारू की युरोत" असं विचारलं तर नेहमी युरोत. रुपयांत घेतलं की यंत्रवाल्याचा वाईट दर लागतो.

ओटीपी हा एकट्या प्रवाशाचा खरा घात. तिथलं ई-सिम घेतलं तरी आपलं भारतीय सिम फोनमध्ये चालू ठेवा आणि त्यावर रोमिंग सुरू करून जा, डेटा बंद ठेवला तरी चालेल. संदेश आला नाही तर क्रेडिट कार्ड असूनही हॉटेल बदलता येत नाही, आणि संघ शहर बदलेल तेव्हा नेमकं तेच करायचं असतं. नेदरलँड्समध्ये घेतलेलं सिम बेल्जियममध्येही चालतं, दुसरं घेऊ नका.

खाण्याचं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे चोरीस (गोव्याचं मांसाचं सॉसेज) नाही, पेढे नाहीत, आणि दुधाची पावडर घातलेलं चहाचं मिश्रणही नाही. हे शेवटचं पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मासळीला मात्र वीस किलोंपर्यंत मुभा आहे, तेव्हा सुकी सुंगटं (कोळंबी) चालतात, पण हवाबंद करून न्या. पोहे, सोलं (आमसुलं), चटणी न्या. लोणचं चेक-इन सामानात. ताज्या फळांपैकी केळी, नारळ, अननस चालतात, बाकीच्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो.

पेडे_टर्फ

कुंकळ्ळीकर बाबांनी म्हटलं ते सगळं बरोबर, फक्त एक भर. नेदरलँड्सला उतरल्यावर पासपोर्टावर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद होते. ऑक्टोबर 2025 पासून ही पद्धत सुरू झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याची पूर्ण नोंद करतात, रांग हळू सरकते. ताई 14 ला पोचणार, तेव्हा त्या दिवशी पुढची आरक्षित गाडी उतरण्याच्या वेळेला चिकटून काढू नका. तीन तास मोकळे ठेवा.

बाराव्या_रांगेत

मैदानाच्या आतलं कुणी सांगितलं नाही, ते मी सांगतो.

तिकीट काढताना ते सामन्याचं आहे, सत्राचं आहे की दिवसाचं, हे आधी वाचा. पुरुष आणि महिला दोन्ही स्पर्धा एकाच मैदानावर चालतात, त्यामुळे त्याच दिवशी आधीचा किंवा नंतरचा सामना वेगळ्या तिकिटात असू शकतो. तिकीट अधिकृत विक्रीतूनच, आणि कुणाचं जास्तीचं घ्यायचं असेल तर अधिकृत पुनर्विक्रीतूनच. समाजमाध्यमावर कुणी क्यूआर कोडचं छायाचित्र विकत असेल तर तेच छायाचित्र दहा जणांना विकलेलं असू शकतं. आधी पोचणारा आत जातो, बाकीचे दारात.

कुठे बसावं: एकच सामना पाहायचा असेल तर बाजूच्या स्टँडमध्ये मधल्या उंचीवर, 23 मीटरच्या रेषेसमोर. संघाची मांडणी, मधल्या फळीतले पास, गोलसमोरच्या वर्तुळात शिरण्याची तयारी, सगळं तिथून उलगडतं. पेनल्टी कॉर्नर समजून घ्यायचा असेल तर गोलच्या मागे. ड्रॅगफ्लिकरनं (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू ओढून गोलकडे उचलून मारणाऱ्यानं) चेंडू उचलण्याआधी पहिला धावणारा बचावपटू कुठली बाजू बंद करतो ते मागूनच दिसतं. पण ध्यानात घ्या, संघ बाजू बदलतात त्या मध्यंतरात, प्रत्येक क्वार्टरनंतर नाही. म्हणजे गोलमागे बसलात तर भारताची चढाई तुमच्या बाजूला फक्त तीस मिनिटं. ताई सगळेच सामने पाहणार आहेत, तर पहिले दोन बाजूनं पाहा, तिसरा गोलमागून.

वेळेचं गणित: 15 मिनिटांचे चार क्वार्टर, मध्ये 2, 10 आणि 2 मिनिटांची विश्रांती. पेनल्टी कॉर्नरला घड्याळ 40 सेकंद थांबतं, व्हिडिओ रेफरलला थांबतं. सुरुवातीच्या शिट्टीपासून दीड तास ते पावणेदोन तास. बाद फेरीत शूटआउटची पंधरा-वीस मिनिटं वर. रुळावरून यांनी सांगितलेली शेवटची गाडी या हिशेबानं पाहा.

ऑगस्टच्या मध्यात तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळच्या सामन्याला पश्चिमेकडे तोंड करून बसणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन येतं. स्टेडियमच्या नकाशावर दिशा पाहून आसन निवडा. टोपी न्या, आणि छत्रीऐवजी पातळ रेनकोट. छत्री बहुतेक स्टेडियमांत आत घेऊ देत नाहीत, आणि उघडली तर मागच्याचं दिसणं बंद होतं. दिवसा 22-23 अंश असलं तरी सामना संपताना अंगात स्वेटर लागतो.

तिरंगा: पहिला दिवस 15 ऑगस्ट, तेव्हा नेणारच. ध्वजसंहितेनुसार त्यावर काहीही लिहायचं नाही. "गोवा" किंवा गावाचं नाव रंगवून नेतात, ते नको. त्यासाठी वेगळं कापड करा. कमरेखाली गुंडाळायचा नाही, जमिनीला लागू द्यायचा नाही, कठड्यावर अंथरून त्यावर टेकायचं नाही. लाकडी किंवा धातूची काठी दारावर काढून घेतात. बिनकाठीचा, दोन हातांत धरता येईल एवढा ध्वज पुरे. ढोल-ताशाला आयोजकांची परवानगी लागते. एकटीला आवाज कसा पुरणार असं वाटत असेल तर सामन्याआधी तासभर प्रवेशदारापाशी थांबा. भारताच्या सामन्याला बेल्जियम-नेदरलँड्समधली आपली माणसं येतात आणि घोळके तिथेच जमतात.

फोंडेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता मांडला: 17 रात्रींपैकी 10 एका देशात, 7 दुसऱ्या. विमा 13 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर. तिरंगा बिनकाठीचा. एकच प्रश्न उरला. सराव पाहता येतो का?

बाराव्या_रांगेत

स्पर्धेच्या मैदानावरचा सराव बहुतेक बंद असतो. सामन्याआधीचा वॉर्म-अप मात्र तिकिटावर दिसतो. दार उघडताच आत जा. गोलरक्षकांचा सराव सगळ्यात आधी सुरू होतो, त्यानंतर पेनल्टी कॉर्नरची तालीम. त्या दिवशी फ्लिक कोण घेणार आणि चेंडू कोण थांबवणार याचा अंदाज तिथेच येतो. त्या वेळी गोलच्या मागच्या रांगा रिकाम्या असतात, तिथे उभं राहून पाहा आणि राष्ट्रगीताआधी आपल्या आसनावर या.